तळ्याकाठी, पण शुक्रवारीच

उन्नती: भाऊ, कॅम्पिंगला जनरेटर नेत नाहीत.

भाऊ: का? तिथं लाईट हाय?

उन्नती: नाही. लाईट नाही म्हणूनच लोक जातात.

भाऊ: आता घ्या! आपल्या गावात लाईट नव्हती तवा कोनाच्या बापानं हितं तंबू ठोकला नव्हता. उलट सोयरिकीला आलेले पोरींचे बाप तोंड फिरवून जात व्हते.

जानकीबाई: माझा न्हाय गेला.

भाऊ: तुझा बाप अंधार पडल्याव आलता. त्याला गाव दिसलंच न्हाय.

(अंजूर, भिवंडी तालुका. फेब्रुवारीतला मंगळवार, दुपारचे चार. भाऊ तरे यांच्या तीन मजली घराची ओटी. तिन्ही बाजूंना गोदामं, सगळी भाऊंच्याच जमिनीवर. ओटीवर मधोमध एक नवाकोरा तंबू पडलाय; पिशवीतून बाहेर आला तेव्हा सुळकन आला, आता आत जायचं नाव काढत नाही. भाऊंच्या हातात यादी, लेक उन्नतीच्या हातात मोबाइल, आणि बायको जानकीबाईंच्या मांडीवर निवडायच्या तांदळाचं सूप. घरात बाकी कुणी नाही.)

उन्नती: बरं, पुढं वाचा.

भाऊ: जनरेटर. मच्छरची अगरबत्ती. प्लास्टिकच्या खुर्च्या पन्नास.

उन्नती: पन्नास? आपण तिघं आहोत!

भाऊ: भावकीला सांगितलंय. न सांगता गेलू तर लोकं बोलतील, भाऊ तरे गपचूप मजा मारून आला. गोदामातल्या मनोजचा टेम्पो हाय, खुर्च्या त्याच्यात मावतात. मी मोजल्या.

उन्नती: परवानगी तिघांची आहे, भाऊ. पावतीवर तीन नावं आहेत. वनखात्याची जागा आहे ती.

भाऊ: तेच मना समजत न्हाय. तू बोलतेस डोंगरात दोन तली, जोडतली, बाजूला सपाटी, झाडं, वारा. सगलं बरोबर. पन सातबारा कोनाच्या नावाव?

उन्नती: सरकारच्या. म्हणजे सगळ्यांची जागा.

भाऊ: सगल्यांची म्हंजे भांडनाची. आपली जमीन आज्याच्या एकट्याच्या नावाव व्हती, तरी सात भाऊ कोर्टात गेलते.

उन्नती: तिथं कोणी भांडत नाही. लोक येतात, एक रात्र राहतात, आपला कचरा आपण घेऊन परत जातात.

भाऊ: कंपाउंड?

उन्नती: नाही.

भाऊ: मंग जागा कुठं संपली ते कलतं कसं?

उन्नती: कळायची गरजच पडत नाही.

जानकीबाई: ह्यांना पडंल. ह्यांना देवलात पन आधी भिंत कोनाची ते इचारावं लागतं.

भाऊ: तू तांदूल निवड. उन्नते, बिना कागदाचं मना झोप येत न्हाय. म्हनून मी त्या गार्डला फोन केला काल.

उन्नती: काय केलंत?

भाऊ: पावतीव नंबर व्हता. सरल बोललू, तल्याकाठची दोन एकर आमाला भाड्यानी द्या, अकरा महिन्यांचा करार करू.

उन्नती: एका रात्रीसाठी?

भाऊ: एका रातीचा करार कोन बनवतं? आपला वकील अकरा महिन्यांच्या खाली टायपच करत न्हाय. गार्ड बोलला, साहेबांना इचारतो. सज्जन मानूस वाटला.

उन्नती: त्या सज्जन माणसाचा मेसेज आलाय. आत्ताच. ऐका. ‘अर्जदाराच्या वडिलांनी वनजमीन भाड्याने मागितल्यामुळे शुक्रवारची परवानगी रद्द करण्यात येत आहे. पुढच्या शनिवारी तीन व्यक्तींना जागा देता येईल. हवी असल्यास आज संध्याकाळपर्यंत कळवावे. खुर्च्या आणू नयेत.’

भाऊ: खुर्च्यांचं त्याला कोनी सांगितलं?

उन्नती: मी तर नाही सांगितलं.

भाऊ: मी फक्त इचारलं, टेम्पो वरपर्यंत येल का.

उन्नती: जाऊ दे. झालं ते बरंच झालं. पुढच्या शनिवारी जाऊ, तोवर आईचे वाल पण निघतील.

जानकीबाई: परवापासून तेच तर सांगतंय. चिकनीच्या शेतातले वाल तयार व्हत आलेत, अजून दोन दिस हवेत. सुक्रवारी उपटाला घेतंय. पाला सुकत आलाय, त्याच्या पुढं ठेवले तर शेंगा शेतातच फुटतील.

भाऊ: न्हाय. सुक्रवारीच जाव.

उन्नती: अहो, परवानगी रद्द झाली!

भाऊ: मंग दुसरं तलं बघ. डोंगरात तल्यांना काय तोटा हाय? न्हायतर लोनावल्याला हॉटेलात जाव.

उन्नती: हॉटेलात? पंधरा दिवस माझं डोकं खाल्लंत, चांदण्यांखाली झोपायचंय, चांदण्यांखाली झोपायचंय.

भाऊ: हॉटेलला गच्ची असते.

जानकीबाई: चा टाकतंय मी. तुमचं चालू द्या.

उन्नती: ...आई आत गेली. आता बोला. शुक्रवारी काय आहे?

भाऊ: काय न्हाय. दिवस चांगला हाय.

उन्नती: गेल्या वर्षी मी जोडतळ्यांना निघाले तेव्हा तुम्ही म्हणालात, घरात सहा पलंग आहेत आणि पोरगी जमिनीवर लोळायला डोंगरात चालली. यंदा स्वतः बाजारात जाऊन तंबू आणलात. आईला न्यायचंच, आणि शुक्रवारीच न्यायचं. मला काय दूधखुळी समजता?

भाऊ: हलू बोल.

उन्नती: तुम्ही बोला, मग मी हळू बोलते.

भाऊ: सुक्रवारी चिकनीत भराव पडतोय.

उन्नती: चिकनीत? आईच्या शेतात?

भाऊ: आईच्या कुठं? सातबाऱ्याव नाव माझं हाय.

उन्नती: तुम्ही शेवटचे कधी उतरलात त्या शेतात?

भाऊ: मोजनीला.

उन्नती: मोजणीला नाही विचारलं. लावणीला, कापणीला?

भाऊ: लय वर्सं झाली. हे बघ, गोदामवाल्यांचे कंटेनर मोठे आले. वलवाला जागा न्हाय. दिवालीत सही केली मी. आन चिकनी तरी राहिलीय कुठं? आजूबाजूला सगला भराव, त्याचं पानी सगलं तिच्यात. भात उभ्या उभ्या कुजतो. वाल तेवढे येतात, ते पन तुझी आई एकेक रोप पोरासारखं जपते म्हनून.

उन्नती: एवढं शेत फक्त ट्रक वळवायला?

भाऊ: नुसता ट्रक न्हाय. चालीस फुटी कंटेनर.

उन्नती: आणि तिला सांगितलं नाहीत.

भाऊ: सांगनार व्हतू. दिवालीत बोललू, सन हाय, कनाला रडवा. सन गेला तर तिनं वाल पेरले. पेरल्याव कसं सांगनार? मंग फुलोरा आला. दर वेली कायतरी आडवं येतं.

उन्नती: म्हणजे तिला तळ्याकाठी नेऊन बसवायचं, गार वारा, चांदण्या, आणि परत आणायचं तेव्हा शेतच नसेल. वा! काय सहल आहे.

भाऊ: मालावरच्या मोठ्या शेतात भराव टाकला तवा तू सालेत व्हतीस. तुला ठाव न्हाय. सकालधरनं सांजपर्यंत ती बांधाव उभी. भांडली न्हाय, रडली न्हाय, नुसती उभी. शेवटी डंपरवाला मना बोलला, भाऊ, चाची को घर ले जाओ, मेरे से गाडी खाली नहीं होती. तो बिहारचा मानूस, त्याला कलवलला. मी तिथं गेलू पन न्हाय. कारमधी काच लावून बसलू. माझ्याच्यानं परत ते बघवनार न्हाय, उन्नते. खरं सांगतंव, मना भ्या वाटतं.

उन्नती: म्हणजे तंबू तिच्यासाठी नाहीच. तुम्हाला लपायला आणलाय.

भाऊ: बोल. बापाला बोल.

जानकीबाई: चा घ्या. ह्यांच्यात साखर न्हाय.

उन्नती: आई... तू ऐकलंस?

जानकीबाई: ऐकाला कनाला लागतंय? आयतवारी दोन मानसं आलती चिकनीत, चुना घेऊन. माझ्या वालांतून उभी रेघ मारली. मी इचारलं, काय चाललंय? बोलले, सुक्रवारी भराव हाय, भाऊंना इचारा. उन्हाचे आलते, मी पानी पाजलं दोघांना.

भाऊ: आन मना येक शब्द बोलली न्हायस?

जानकीबाई: तुमी बोललाव मना? तंबू घेऊन आलाव. मी बोलली, बघू या, हा मानूस कुठपर्यंत जातो. जनरेटरपर्यंत गेलाव.

भाऊ: जानके, सही झाली. आता मागं घेता येत न्हाय.

जानकीबाई: ठाव हाय. मी कवा बोलली, घ्या? मना राग सहीचा न्हाय. सही तुमी मोठ्या शेताची पन केलती. तवा निदान तोंडाव सांगितलं व्हतं.

उन्नती: आई, आपण वकिलाशी बोलू. काही दिवस तरी पुढं ढकलता येईल.

जानकीबाई: दिवस ढकलून काय करू? वाल काय थांबनार हायेत? डंपर किती वाजता येतात?

भाऊ: नवाला.

जानकीबाई: मंग व्हतंय. दव असतं तवरच उपटाचे असतात, उन्हं चढली का शेंगा तडकतात. पाचाला लागाचं. नवाच्या आत आवरंल.

उन्नती: मी येते. ऑफिसात शुक्रवारची सुट्टी टाकलेलीच आहे.

जानकीबाई: दोघींनी न्हाय पुरं पडनार.

भाऊ: मानसं पाठवतंव. मनोजला सांगतंव, गोदामातले चार हमाल...

जानकीबाई: हमाल नकोत मना. हमाल रोपं तुडवतात.

भाऊ: मंग कोन?

जानकीबाई: बूट घालून येव नका. त्या मातीत रुततात.

भाऊ: ...मना वाकता येल का ग आता?

जानकीबाई: न्हाय आलं तर बसून उपटा. पन या.

भाऊ: पाचाला उठव मना.

उन्नती: आणि गार्डला काय कळवू? संध्याकाळपर्यंत सांगायचंय. पुढचा शनिवार नको म्हणू ना?

जानकीबाई: नको कनाला? येताव म्हन. तिघंच येताव. सुक्रवार माझा कामात जाईल. त्याच्यानंतर शेताबिगर मना घरात कुठं बसवनार हाय?