सोनं नसलेल्या दगडातलं सोनं

सुनंदाताई, लेकीला नोकरी लागली तर देवीच्या पायाशी ठेवलेली सोन्याची अंगठी तिच्या बोटात घालीन, असा नवस बोलले होते मी. केतकीला पुण्याजवळ सूसच्या प्रयोगशाळेत लागली, आणि मी अंगठी तिच्या बोटात घातली. खाणीसाठी खणून काढलेले दगड दळायचे, त्यात सोनं आहे का ते तपासायचं. मध्येच सोनं नसलेला दगडही मुद्दाम दळतात, काम स्वच्छ चाललंय ना ते बघायला.

परवा नेमकं त्यातच सोनं निघालं!

साहेब म्हणाले, "केतकी, हात पुढे कर."

भुकटीनं घासून अंगठीचंच सोनं त्यात उतरलं होतं! सगळे नमुने बाद.

"आई, नोकरी जाता जाता राहिली गं!" केतकी घरी येताच म्हणाली.

अंगठी परत देवीपाशी ठेवली. तुमची सून सोमवारपासून तिथंच जाणार ना? कामावर जाताना तिला मंगळसूत्रसुद्धा देवापाशी ठेवू द्या. देवीला कळतं हो सगळं.