फाटकाला लावलेली पेज

ग्योंगजा : थांबा वहिनी. आज आईचं श्राद्ध, आणि तुम्ही फाटकाला लाल चवळीची पेज फासताय?

ओक्सन : आज दोंगजी पण आहे. वर्षातला सगळ्यात लहान दिवस. पेज लावली नाही तर भुतंखेतं घरात शिरतात. तुझ्या आईनंच शिकवलंय.

ग्योंगजा : भुतांबरोबर आईही बाहेरच राहील की. म्हणून तर श्राद्धाच्या ताटात आपण लाल चवळी ठेवत नाही.

ओक्सन : माहितेय. ती गेल्यापासून नऊ वर्षं कॅलेंडर बघतेय, तिची तिथी दोंगजीला कधी येते ते.

ग्योंगजा : दादाला कळलं तर?

ओक्सन : तो आत आईचा फोटो पुसतोय. फाटकाशी काय चाललंय हे त्यानं कधी पाहिलंय? माझी आई इथं उभी होती तेव्हा तरी पाहिलं?

ग्योंगजा : चाळीस वर्षं झाली त्या गोष्टीला.

ओक्सन : एक्केचाळीस. दोंगजीच होती. मला दुसरी मुलगी झाली, म्हणून पेजेचं मडकं घेऊन बर्फातून डोंगर उतरून आली होती. तुझी आई म्हणाली, मुलीच जन्माला घालणाऱ्यांच्या घरचं अन्न आम्हाला नको. मी बाळंतीण, आतून हाका मारतेय. दिवे लागेपर्यंत उभी होती बिचारी. घरी गेली ती अंथरुणाला खिळली, आठवड्यात संपली.

ग्योंगजा : कडी मी घातली होती, वहिनी. आई म्हणाली, घाल.

ओक्सन : खिडकीतून दिसलीस. तू एकोणीस वर्षांची, आईच्या मुठीत. पण ती कोणाच्या मुठीत होती?

ग्योंगजा : वर्षातून एकदा जेवायला येते ती. फडकं द्या, पाया पडते तुमच्या.

ओक्सन : दिवे लागल्यावर खुशाल पूस. तोवर तिला उभं राहू दे.

ग्योंगजा : मग मीही तिच्यासोबत बाहेर उभी राहते.

ओक्सन : राहा.

(ग्योंगजा बाहेर जाते. ओक्सन आतून कडी घालते.)

ग्योंगजा : वहिनी, ऐकताय ना? तुमची आई इथून काहीतरी म्हणत होती. तुम्हाला तिथं ऐकू गेलं नसेल. मी कडीला हात लावून उभी होते, मला गेलं.

ओक्सन : काय म्हणत होती?

ग्योंगजा : 'मी येत नाही आत. पेज निवतेय, तेवढी माझ्या पोरीला द्या.'

ओक्सन : एवढी वर्षं पोटात ठेवलंस हे?

ग्योंगजा : तोंड नव्हतं सांगायला. आता काढा ना कडी, बोटं बधिर झालीत माझी.

ओक्सन : अजून उजेड आहे.