वरच्या यादीत राहिलेलं नाव

टाळ जरा खाली ठेवा, बुवा. मृदंगवाले, तुम्हीही हात पुसून घ्या. मंडळी, आज मला एकच विचारायचं आहे. आपली हाक वर जाते ना? जाते! सगळे माना डोलावताय. मग वरून खाली काही येत का नाही? देवाला तुमचं दिसतं, तुमच्या शेजारणीचं दिसतं. मग तो तुम्हाला शेजारणीचं का सांगत नाही? — मावश्या हसल्या. त्यांना शेजारणीचं देवाच्या आधी कळतं.

तर ऐका. हे आख्यान पुराणातलं नाही, आपल्याच वसाहतीतलं आहे. धरण झालं, कळकेवाडी पाण्यात गेली, आणि सरकारनं गावाचे सात तुकडे करून सात वसाहतींत टाकले. आपण इथं आलो. बायजाक्का सपकाळही इथंच आली. तिचं सासर-माहेर दोन्ही कळकेवाडीतच. तिला एक धाकटा भाऊ होता, शिदोजी. आईमागं आक्कानंच वाढवलेला, कडेवर घेऊन शेतात भांगलायला जायची हो ती!

आणि या दोघांत बिनसलं कशावरून? टाकांवरून. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक, माहेरचे पाच देव. पाणी चढायला लागलं तेव्हा शिदोजी कामाला परगावी होता. आक्का घाबरली. देव पाण्यात जातील म्हणून तिनं टाक लुगड्यात बांधले आणि इकडं घेऊन आली. चौथ्या दिवशी शिदोजी परतला, बघतो तर देव्हारा मोकळा! तो तिच्या दारात आला, उंबऱ्याच्या आत पाय नाही ठेवला. म्हणाला, "देव नेलेस ना, आता भाऊ कशाला पाहिजे?" आणि गेला. टाकही न घेता गेला, मंडळी. एकतीस वर्षं!

आक्का त्या टाकांना रोज न्हाऊ घालायची आणि रोज म्हणायची, हे माझे नव्हेत, शिदूचे हायेत. वय झालं, गुडघे गेले. आता एकच घोर. मरायच्या आत त्याचे देव त्याच्या हातात द्यायचे. पण शिदू कुठं?

मधल्या काळात आपली धरणग्रस्तांची संघटना संगणकावर गेली. पूर्वी मोर्चाचा निरोप सायकलवरून जायचा, आता मोबाईलवर येतो. प्रत्येक वसाहतीचा एक गट, आणि सातही गट वर मध्यवर्ती कमिटीच्या गटाला जोडलेले. आता इथं लक्ष द्या, डुलक्या नंतर काढा. आपण इथं नाव-नंबर भरला की तो वर कमिटीला दिसतो. कमिटीकडचं मात्र खाली आपल्याला दिसत नाही. आणि एका वसाहतीचं दुसऱ्या वसाहतीला? अजिबात नाही! माणसानं स्वतः हो म्हटल्याशिवाय नाही. नियम उगाच नाही झाला. एकदा सगळी यादी भलत्याच्या हातात पडली होती, आणि मोर्चाच्या आदल्या दिवशी घराघरांत दमदाटीचे फोन गेले होते.

आक्काला कुणीतरी सांगितलं, शिदूला माळावरच्या वसाहतीत बघितला होता. तिनं तिथल्या गटप्रमुखाला फोन लावायला लावला. त्यानं यादी बघितली आणि म्हणाला, असा कुणी आमच्यात नाही. त्या दिवशी आक्का जेवली नाही. मला म्हणाली, "महाराज, गेला असंल का रं तो?"

मी तिला घेऊन मध्यवर्ती कचेरीत गेलो. तिथं वैजयंताताई आहेत, सगळ्या याद्या त्यांच्याकडं. त्यांनी नाव टाकलं. मी त्यांचा चेहरा बघत होतो. नजर एका जागी थांबली की हो! पण तोंडानं काय म्हणाल्या? दुसऱ्या गटातल्या माणसाची माहिती मला देता येत नाही. म्हटलं, अहो, सख्खी बहीण आहे! त्या म्हणाल्या, असेल, पण त्यांची परवानगी नाही. मग माझं डोकं फिरलं. इथं शांतीवर दोन-दोन तास बोलणारा मी, तिथं टेबलावर हात आपटला.

आक्कानं माझा हात धरला. ताईंना म्हणाली, "बाई, तुझं बरोबर हाय. त्याला न इचारता मी त्याचं देव उचललं. आता त्याला न इचारता त्याचा पत्ता नगं उचलायला. तूच इचार त्याला."

मी हात मागं घेतला. 

ताई म्हणाल्या, विचारते, पण आधी तुमचा होकार हवा, तुमच्या नावापुढं 'इतर गटांना माहिती देऊ नये' अशी खूण आहे. आक्का म्हणाली, मी कवा असं सांगितलं? आणि मंडळी, मी नजर चुकवली. कारण आपल्या वसाहतीचे फॉर्म भरले कुणी? या तुमच्या महाराजांनी! नाव विचारलं, वय विचारलं, प्लॉट विचारला. शेवटचा प्रश्न आला की मनानंच 'नको' करून मोकळा. दोनशे दहा माणसं, एकालाही विचारलं नाही. म्हटलं, यांना काय कळतंय? आक्का माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "मला इचारायचं व्हतंस." त्या वेळी मला माझीच लाज वाटली.

मग तिनं ताईंना होकार दिला, आणि ताई फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या. आक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं गेली. ताई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी जे सांगितलं ते ऐका. शिदोजी आहे, आणि त्यानंही हो म्हटलं. तिथल्या तेव्हाच्या गटप्रमुखाशी भांडून तो चार वर्षांपूर्वी माळावरून दुसरीकडं राहायला गेला, तेव्हा त्या गटातून त्यानं नाव काढून घेतलं. म्हणून तिथल्या यादीत तो नव्हता. पण खालच्या गटातून नाव काढलं तरी वरच्या गटात ते राहतं. कमिटीनं त्याला तेव्हा विचारलं होतं, वरूनही काढू का? तो नको म्हणाला. का, असं ताईंनी आज विचारलं.

तो म्हणाला, "आक्काची वसाहतबी त्याच कमिटीखाली हाय. म्हटलं, तिनं कवा इचारलंच तर घावावं."

ताईंनी विचारलं, अहो, मग तुम्हीच का नाही विचारलंत? तर म्हणाला, रागानं मीच निघालो होतो, कुठल्या तोंडानं विचारू?

बघा! दोघांची नावं एकाच यादीत. वरच्याला दोघंही दिसतात. आणि दोघं खाली एकमेकांसाठी झुरतायत! वरचा कठोर नव्हता हो. तो यांच्या 'हो'ची वाट बघत होता.

पुढच्या रविवारी शिदोजी आला. या वेळी उंबरा ओलांडून आत आला. आक्कानं टाक त्याच्या हातात दिले, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, लई म्हातारा झालास की. तो लहान पोरासारखा रडला. संध्याकाळी देव घेऊन गेला. आता आक्काचा देव्हारा मोकळा आहे. त्या मोकळ्या जागेवर ती मोबाईल ठेवते, कारण सातला त्याचा फोन येतो. हसू नका, खरंच ठेवते.

ती बघा आक्का, त्या खांबाला टेकून बसली आहे. हे आख्यान सांगू का, असं मी तिला सकाळी विचारलं. या खेपेला विचारलं हं! ती म्हणाली, सांग, पण एकतीस वर्षं मी नुसतं देवाला सांगत बसले, शिदूला इचारा असं कुणाला म्हटलं न्हाई, हेबी सांग.

तेव्हा मंडळी, वर हाक मारा, जरूर मारा. पण तुमच्यावर रुसून गेलेलं एक माणूस आत्ता तुमच्या डोळ्यांपुढं आलं आहे, मला इथून दिसतंय. तिकडच्या काकांनी तर मानच खाली घातली. त्या माणसानं सगळीकडून नाव काढलं असेल, आणि एका ठिकाणी राहू दिलं असेल, तुम्ही विचाराल म्हणून. घरी गेल्यावर विचारा.

उचला टाळ. आक्का, सातला पाच कमी आहेत, तू जा घरी. आम्ही करतो गजर.