निळ्या चौकड्यांचा ताका

गणवेशाचं तुम्ही मला काय सांगता? दोंडाईच्याला आमच्या शाळेत निळ्या चौकड्यांचा फ्रॉक लागे. कापड मळखाऊ, म्हणून माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, माझ्या फ्रॉकसाठी अख्खा ताकाच उचलला. तरी मी आपली जुन्या पिवळ्या फ्रॉकमध्येच शाळेत जात होते. शेवटी मोठ्या बाई तणतणत घरी आल्या.

दार नानांनी उघडलं, निळ्या चौकड्यांच्या पायजम्यात. आत आईचं पोलकं तेच, गादीची खोळ तीच, अंगणातल्या वासराच्या पाठीवरची झूलसुद्धा तीच.

बाई बघतच राहिल्या. "अहो नाना, तुमचं वासरूही गणवेशात आहे. मग हिलाच का नाही?"

नाना शांतपणे म्हणाले, "बाई, तिनाकरता कापडच नही उरनं ना."