आठ माइकांचा डबा

जुना रेडिओ दुरुस्तीला आणलेल्या आजीबाईंच्या पुढेच, दुकानाच्या रांगेत, बहीणभाऊ हुज्जत घालत होते.

"ताई, आईचं गाणं रेकॉर्ड करायचंय, माइक कॉम्प्युटरला जोडायला स्वस्तातला इंटरफेस नको. आपलाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा पोचतो. आई गाताना अडखळेल."

"म्हणून आठ माइकांचा डबा? आईला तोंडं किती?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"तू सहा महिने नुसता या डब्यांबद्दल वाचत बसलास, तेव्हा तिचा आवाज खणखणीत होता. आता सोमवारी गळ्याचं ऑपरेशन. नंतर आवाज राहीलच असं नाही, म्हणालेत डॉक्टर."

दुकानदाराने मध्येच सांगितलं, "या स्वस्तातल्यालाही बटण आहे. दाबलं की गाणाऱ्याचा आवाज थेट कानात. उशीर नाही."

"ऐकलंस, पंडिता? सहा महिन्यांत एवढं बटण दिसलं नाही?"

"...ताई, आई अजून वरच्या पट्टीत गाईल ना गं?"

"जमेल त्या पट्टीत गाईल. पिशवी धर."