घरात फुल्ल रेंज

"हॅलो?… हॅलो, हॅलो!… हो व माय, मीच. बोल… अवं कुठून पळत नाई आली. घरातच हाय ना मी… दम? दम काहून लागन मले? चुलीवर दूध होतं, ते उतरवून आली."

चुलीवर दूधबिध काही नव्हतं. भागिरथाबाई आपल्या घरून तीन गल्ल्या धावत येऊन शालिग्राम पाटलाच्या स्लॅबवर उभी होती आणि पदराने घाम पुसत होती. गावात सध्या फोन लागतो तो या एकाच जागी. म्हणून सकाळी उठून ज्याने त्याने आपला मोबाईल आणायचा, पाण्याच्या टाकीच्या सावलीत टोपल्यात ठेवायचा आणि वावरात निघून जायचं. कोणाचा वाजला की शालिग्रामची बायको रंगूबाई कठड्यावरून हाळी देते. ज्याचा वाजला त्याने हातातलं काम टाकून धूम पळायचं. याला म्हणे मोबाईल म्हणतात.

"हाड! हाड!… तुले नाई व! कावळा… घरात कसा येईन? खिडकीत. खिडकीत येऊन बसला मेला. पाहुनी येनार म्हनून सांगून राह्यला. तूच येनार ना आता!… हाड!"

कावळा रंगूबाईच्या कुरड्यांवर होता. स्लॅब फुकट नाही. बोलणाऱ्याने बोलता बोलता वाळवणावरची पाखरं हाकलायची आणि एका हाताने कुरड्या उलथायच्या, असा तिथला दंडकच पडला आहे. यंदा रंगूबाईच्या वाळवणाला एक चोच लागली नाही. जुनी माणसं सांगतात, याच घराच्या ओट्यावर भागिरथाबाईच्या सासूला पाय ठेवू देत नव्हते, पाणी मागितलं तर वरून ओतायचे. आज सून घराच्या थेट डोक्यावर उभी आहे आणि तिच्या हाताने उलथलेल्या कुरड्या पाटलाच्या घरात तळल्या जातात. गरज पडली की विटाळ मुकाट सुट्टीवर जातो, दुसरं काय!

"तब्येत कशी हाय तुही?… पाय सुजले? किती?… डॉक्टरीनबाई काय म्हने?… बीपी… अजूनबी? मीठ कमी खा ना मंग. पापड, लोनचं पुरं बंद… हो, हो, तेच सांगतो, तू इकडं आली का मी बघतो सगळं. सकाळी भाकर, सांजीले मुगाचं वरन… काय म्हन्ते?… अवं हो ना! ऐक तं! घरात रेंज हाय. फुल्ल! काड्या म्हन्शीन तं चारच्या चार."

आता हे खोटं तिला का बोलावं लागत होतं, तेही सांगून टाकू. पौर्णिमा तिची एकुलती एक लेक, अमरावतीला दिलेली. सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आणि भागिरथाबाईने तर लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनच जुनी लुगडी जपून ठेवली होती दुपट्यांसाठी. पण बीपीचं निघालं आणि विहीणबाईंनी अट घातली. ज्या घरातून वेळेला फोन लागत नाही, त्या घरी मी सून धाडणार नाही. अट काही वावगी नव्हती, हे भागिरथाबाईला कळत होतं. म्हणूनच तिला ती जास्त झोंबली होती.

"कोन्ती कंपनी म्हन्जे? जांभळीच. तुह्या बाबानं तुले पाठोलं तेच कार्ड… हो ना, एका रिचार्जात चार कार्डं. स्वस्तात मस्त… तुह्या इकडं कसं हाय?… फुल्ल? पाय बरं! मंग आमच्याच इकडं काहून नसन?"

स्वस्तात मस्त! या एका शब्दाने गावाचा घात केला. आधी सगळ्यांकडे हिरव्या कंपनीचं कार्ड होतं. महाग होतं, पण न्हाणीच्या दाराशी उभं राहिलं की दोन काड्या यायच्या आणि माणूस माणसाशी बोलायचा. मग रामनवमीला भागिरथाबाईचा नवरा माणिकराव पोहरादेवीच्या यात्रेत टरबुजं विकायला गेला. तिथे जांभळ्या छत्रीखाली टाय बांधलेला एक माणूस जांभळ्या कंपनीची कार्डं विकत होता. एका रिचार्जात अख्खं घर, वरून एक बादली फुकट! माणिकराव तसा कच्चा गडी नव्हे. त्याने आधी यात्रेत फोन लावून पाहिला, लागला. घरी येऊन माजघरात लावला, लागला. यात्रेच्या मैदानापासून डोंगराच्या अलीकडेच तर गाव. कोठीत, ज्वारीच्या कणगीमागे बसून लावला, तिथेही लागला. असा पारखून घेतलेला सौदा म्हटल्यावर गाव कशाला मागे राहतंय? चार दिवसांत घरटी एकेक जांभळी बादली आली. नंबर तेच ठेवून सगळ्यांनी कंपनी बदलली आणि हिरवीला वरून शिव्या घातल्या.

यात्रा उठली. पाळणे गेले, रसवंत्या गेल्या, बांगड्यांची दुकानं गेली, आणि त्यांच्याच मागोमाग एक उंच खांबाचा ट्रकही गेला. यात्रेतल्या गर्दीपुरता कंपनीने चाकांवर आणून उभा केलेला तो टॉवर होता. माणिकरावाने तो ट्रक रोज पाहिला होता. त्याच्या सावलीतच त्याने टरबुजं मांडली होती. त्याला वाटलं, जनरेटर असेल. कस्टमर केअरमधल्या पोरीने गोड आवाजात सांगितलं की आता तीन महिने कंपनी बदलता येणार नाही. आणि हे ऐकायलासुद्धा त्याला शालिग्रामच्या स्लॅबवरच चढावं लागलं.

"वारा? कायचा वारा?… माह्या इकडून नाई, तुह्याच इकडून येऊन राह्यला भरारा… पंखा? एवढा जोराचा?… बरं बरं, जवायानं नवा घेतला काय? इकडंबी पंखाच हाय… कोन ओरडलं? ते होय… टीव्ही. टीव्हीतलं."

ओरडला तो खालून, जिन्यात नंबर लावून उभा असलेला हेमसिंग. त्याचा फोन टोपल्यात केव्हाचा वाजत होता आणि जिन्यात पुढे दोघं उभे होते. भागिरथाबाईने त्याला हातानेच थांब म्हणून खूण केली, ती जरा रागाची होती.

"बाबा?… तुहे बाबा आंघोळीले बसले. आता कसे देऊ?… हो, भरदुपारीच. ऊन किती हाय पाह्य ना… नाई, तब्येत चांगली हाय त्याईची. जेवतात खंडीभर."

माणिकराव तेव्हा घरी कडी लावून बसला होता. गल्लीत निघाला की पोट्टे त्याला 'टॉवर' म्हणतात.

"व्हिडिओ?… व्हिडिओ कायले?… घर पाह्यलं नाई काय तू, इथंच तं लहानाची मोठी झाली… खोली दाखवू? अवं आता नोको. अंधार हाय… लाइट गेली ना… पंखा? पंखा… तो इन्व्हर्टरवर हाय… कोनाचा काय इचारते! आपलाच. मंग दाखवीन, सांगतो तशी ऐक. तुह्यासाठी मंधातली खोली केली. चुना मारला तुह्या बाबानं. बाजीले नवी सुतळी भरली, पार कसून. खिडकीखाली ठेवली, वारा लागते… आन् पाळना बाबासाहेबाच्या फोटोसमोर बांधनार हाय. तिथून लेकराले पैले तेच दिसले पाह्यजे… हो… हसली? हस, हस. किती दिसानं हसली."

हे मात्र एकूण एक खरं होतं. खोली सारवून, पुसून तयार होती आणि भागिरथाबाई रोज एकदा उगाच तिथे जाऊन बाजेवर हात फिरवून येत होती.

"काय?… मोठ्यानं बोल… रातीचं?… रातीचं दुखायले लागलं तं?…"

भागिरथाबाईच्या हातातली कुरडी हातातच राहिली.

"हाय ना. ऐकून राह्यली मी… नाई, कटला नाई फोन… हाय मी, पौर्णिमा. थांब जरासक."

रातीचं दुखायला लागलं तर काय होतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. गेल्याच आठवड्यात रात्री जगदेवच्या लेकीला, वैष्णवीला, कळा लागल्या. ॲम्ब्युलन्स बोलवायला जगदेव मोबाईल घेऊन शालिग्रामच्या दारी धावला, तर घरचे लग्नाला गेलेले आणि जिन्याला कुलूप. भिंतीवरून चढता चढता तो पडला. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून वैष्णवीला मानोऱ्याच्या दवाखान्याकडे काढलं. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली बाई होती भागिरथाबाई. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला ती पोर अशी ओरडायची की ड्रायव्हिंग करणारा जगदेव पुढे बसून रडायचा. अर्ध्या वाटेत ट्रॉलीतच लेकरू झालं. वाचले दोघंही, पण ते नशिबाने. आणि नशिबाला काही रेंज लागत नाही.

तिने डोळे मिटले. स्वतःची चीड आली तिला. लेकीला घरी आणायच्या हौसेपायी आपण तिला त्या ट्रॉलीत निजवायला निघालो होतो की!

"पौर्णिमा… ऐक. मंधात बोलू नोको, मले एकदम बोलू दे. घरात रेंज नाई… एक काडीबी नाई. मी रंगूबाईच्या स्लॅबवर हाय… हो, पैलेपासून… दूध नव्हतं… नाई, कावळाबी खिडकीत नव्हता, कुरोड्यावर होता… इन्व्हर्टर? अवं कायचा इन्व्हर्टर, साधा पंखा तं धड फिरत नाई आपला… हो. खोटं बोलली मी. सगळं खोटं. खोली तेवढी खरी हाय… रंगूबाई रातीचा जिना लावून घेते व. तू नोको येऊ बाई… नोको म्हनतो ना मी! तुही सासू म्हन्ते ते बराबर हाय. माह्या हौसेले आग लागो, तुह्या जिवाले काई झालं तं मी काय करू ते सुतळीची बाज?… रडू नोको. अवं रडू नोको ना… मी कुठी रडून राह्यली?"

टोपल्यातले दोन फोन एकदम वाजले, पण कोणी उचलायला वर आलं नाही.

"कोन?… तुह्या मांगून कोन बोललं?… इहीनबाई? काय म्हनून राह्यल्या त्या, चिडल्या काहून?… गच्चीवर? कोन्त्या गच्चीवर?… पौर्णिमे, तू पंख्याखाली हाय ना?… चूप काहून झाली? पौर्णिमे!… दे. इहीनबाईले दे फोन… दे म्हन्तो ना!"

आता भागिरथाबाईने कुरड्या, कावळे सगळं सोडलं आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"जयभीम ताई… हो, मीच… काय सांगता?… जांभळी घरात लागतच नाई? तुमच्याबी?… बाकीच्याईचे लागतात?… मंग रोज कुठून… तीन जिने? तीन जिने चढून?… भर उन्हात?… व माय!… नाई ना ताई, मले म्हने घरातून बोलतो, फुल्ल रेंज हाय, पंखा हाय… तुमी पानी आनाले गेल्या का हे वर चढते?… मी काय सांगू तुमाले, मीबी तेच करून राह्यली होती."

माणिकरावाने मोठ्या प्रेमाने अमरावतीला पाठवलेलं कार्ड! बापाने दिलं, स्वस्तात दिलं, आता त्याला नावं कशी ठेवायची, म्हणून पोर सुजल्या पायांनी रोज तीन जिने चढत होती. आणि इकडे आई तीन गल्ल्या धावत होती. दोघी एकमेकींना घरात बसून असल्याच्या थापा मारत होत्या. कंपनीने जाहिरातीत म्हटलंच होतं, नाती जोडतो.

"ताई, तिले पैले खाली बसवा. तिथंच, सावली पाहून… पानी द्या. दिलं?… आता तिच्या कानाले लावा फोन… पौर्णिमे, गुमान ऐक. आजपासून मले फोन करायचा नाई… बिलकुल नाई. तब्येत सांगाले नाई, काईच सांगाले नाई… करमत नाई तं? मलेबी नाई करमत. म्हनून मीच येतो तिकडं… उद्या. सकाळच्या गाडीनं… किती दिवस म्हन्जे? लेकरू हातात येईस्तोवर… लेकीच्या घरी राहून खावं नाई म्हन्तात तं म्हनू दे. लोकाईचं काय जाते म्हन्याले? माहेर घर नसते व माय, माहेर मी हावो. मी येतो तं माहेर येते… हो, इचार इहीनबाईले… काय म्हनून राह्यल्या?… असं म्हन्ल्या?… खरंच?… सांग त्याईले, लय उपकार त्याईचे."

विहीणबाई काय म्हणाल्या ते तिने कोणाला सांगितलं नाही. ती नुसती मान हलवत राहिली, जसं काही समोरच्याला ते दिसत होतं.

"हो. हाय मी… आता उतर तू. सासूचा हात धर… एकेक पायरी. घाई करू नोको… नाई, फोन चालू ठेवून नाई उतरायचं! मले ऐकू आलं पाह्यजे म्हनून काई अडलं नाई. फोन इहीनबाईजवळ दे आन् कठडा धर… अजून काय?… काय बोलायचं ते उद्या बोल, तुह्या उशाशी बसून ऐकतो, रातभर ऐकतो… ठेव… तू ठेव ना पैले… नाई ठेवत? बरं, मंग मी ठेवतो."

आणि भागिरथाबाईने फोन ठेवला.