रुमालाखाली दिलेला नंबर

मी पाटणकडचा, डोंगरातला. मिसरूड फुटायच्या आत मुंबईच्या फळमार्केटात हमाल म्हणून लागलो, मार्केट वाशीला गेलं तसा मीबी गेलो, जलमभर आंब्याच्या पेट्या उचलल्या, अन् आता कामोठ्याला लेकाच्या फ्लॅटवर असतो, मी अन् माझी बायको हौसा. मार्केटात त्या काळी भाव तोंडानं बोलायचाच न्हाई. दलाल अन् गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकायचे अन् खाली बोटं दाबायची, एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच, सहाला पंजा अन् वर एक बोट. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागायचा न्हाई. अन् काय सांगू तुम्हाला, रुमालाखाली ठरलेलं कुणी फिरवलेलं म्या तरी बघितलं न्हाई. मी हमाल, पण बघून बघून शिकलो.

तर रिटायर झालो, पैसे बँकेत आले, कार्ड आलं. सूनबाई सारिका, शिकलेली हाय, तिनं बजावलं, आबा, फोनवर नंबर येतो तो कुणाला म्हंजे कुणाला बोलायचा न्हाई, बँकेच्या माणसालासुद्धा न्हाई. म्हटलं बरं. मशीनमधून पैसे काढतानासुद्धा मी हातावर रुमाल टाकायचो, मागं लायनीतली पोरं हसायची, हसू देत.

मग एक दिवस गॅसवाला आला, म्हणला फोनवर आलेला नंबर सांगा. म्या न्हाई सांगितला. त्यानं टाकी परत नेली. संध्याकाळी सारिका म्हणती, अहो आबा, त्याला सांगायचाच असतो. आता तुमीच बोला, एकाला सांगायचा, दुसऱ्याला न्हाई, अन् नंबर तर सगळे सारखेच दिसत्यात. ती लई समजावून सांगायची, मी मान हलवायचो, डोक्यात काय शिरायचं न्हाई. शेवटी म्या माझीच तोड काढली. पुढच्या खेपेला गॅसवाल्याला खूण समजावली, शून्याला मूठ म्हटलं, त्याच्या हातावर रुमाल टाकला अन् बोटानं नंबर दिला. बिचारा हसून हसून बेजार, पण टाकी मिळाली, अन् तोंडातून अक्षर गेलं न्हाई.

अन् मग तो आला, पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. बँकेतून आलोय म्हणला, तुमचं कार्ड बंद पडणार हाय, घरबसल्या नवीन करून देतो. सारिका अन् लेक कामावर, घरात आमी दोघंच. हौसानं त्याला चहा दिला. त्यानं कार्ड बघितलं, मोबाइलात काय काय दाबलं, अन् माझ्या फोनवर नंबर आला. म्हणला सांगा. म्या म्हटलं, मी कुणाला बोलत नसतो. दुसरा असता तर चिडला असता, हा म्हणला, नका बोलू आबा, जमंल तसं द्या. मला बरं वाटलं, म्हटलं माणूस रीतीचा हाय. खांद्यावरचा रुमाल काढला, त्यालाबी खूण समजावली, त्यानं हात पुढं केला, अन् म्या साही आकडे बोटानं दिले.

तो जिना उतरतोय न उतरतोय तोवर पैसे गेल्याचा मेसेज आला. हौसाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे व्हते ते, तारीखसुद्धा ठरली व्हती. सारिका ऑफिसातून धावत आली, तक्रारीचे फोन केले, मला चौकीवर नेलं. साहेबानं इचारलं, ओटीपी कुणाला सांगितला का? म्या म्हटलं, आईची आण साहेब, तोंडातून शब्द काढला न्हाई. खरंच वाटत व्हतं मला तसं. मग रुमाल काढून दाखवला, तसा साहेब लिहायचा थांबला.

पैसे कुठंतरी अडकवून धरलेत म्हणत्यात, मिळतील का न्हाई ते कुणी सांगंना. अन् बोललो न्हाई तरी सांगितलं कसं झालं, हे मला अजून उमगंना.

परवा हौसा गुडघ्याला तेल चोळत बसली व्हती. म्हणली, द्या तो रुमाल इकडं. माझ्या हातावर टाकला, खाली हात घातला अन् म्हणली, आता सांगा, किती महिने थांबू? इतक्या वर्षांच्या संसारात तिनं मला कधी काय मागितलं न्हाई. किती बोटं दाबू, काय कळंना, मी तिचा सगळा हातच धरून बसलो.

ती म्हणली, पाच. बरं.

अन् रुमाल घडी करून माझ्या खांद्यावर ठेवला. आता ते फिरवता येत न्हाई.